जुने हात, नवे काम
(विकरांच्या उत्क्रांतीवरील पुस्तकाची प्रस्तावना)

ज्येष्ठ लागला आणि वळवाचे ढग दिसू लागले की आमच्या घरी कैरीचे लोणचे घालण्याची घाई उडे. आजी मोहरीची डाळ पाट्यावर घेई आणि पाण्याचा शिपका मारत वरवंट्याने फेसत बसे. आधी नुसता ओल्या पिठाचा वास येई. मग एकाएकी नाकात झिणझिण्या येत, डोळे पाझरू लागत, आणि आजी समाधानाने म्हणे, "चढली आता." कोरडा दाणा कितीही हुंगला तरी त्याला हा वास नसतो, हे मला तेव्हापासून ठाऊक होते. तिखटपणा दाण्यात साठवलेला नसतो, तो पाट्यावर त्या क्षणी घडतो, हे कळायला मात्र जीवरसायनशास्त्राच्या वर्गात जावे लागले.

मोहरीच्या दाण्यात गंधक असलेली काही द्रव्ये असतात, ग्लुकोसिनोलेट नावाची. त्यांच्यापासून वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचे विकर असते. दाणा चिरडून ओला झाला की दोघांची गाठ पडते, विकर त्या द्रव्याचा लचका तोडते आणि झणझणीत तेल मोकळे होते. पान कुरतडायला आलेल्या किडीसाठी रचलेला हा सापळा आहे. आपण त्याचे लोणचे केले.

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि हे पुस्तक तिथून सुरू होते. ही ग्लुकोसिनोलेटे बनवताना वनस्पती मेथिओनिन या अमिनो आम्लापासून निघालेल्या एका द्रव्याची साखळी लांबवते. हे काम करणारे विकर कुठून आले, याचा माग काढल्यावर संशोधक जाऊन पोचले ल्युसीनपाशी. ल्युसीन हे प्रत्येक झाडाला लागणारे अगदी रोजचे अमिनो आम्ल. ते बनवणाऱ्या मार्गात जवळजवळ हेच काम करणारे एक विकर आहे. त्याच्या जनुकाची कधीकाळी जादा प्रत झाली. त्या प्रतीतून शेवटाकडचा, सुमारे 120 अमिनो आम्लांचा तुकडा गळाला. ल्युसीन पुरेसे झाले की विकराला थांबवणारा लगाम याच तुकड्यात होता. लगाम सुटला, विकर जिथे काम करते त्या सक्रिय स्थानाच्या खोबणीत एकदोन बदल झाले, आणि ल्युसीन घडवणाऱ्या कारागिराचा वंशज किडीविरुद्धचे शस्त्र घडवू लागला. जर्मनीतील संशोधकांनी 2011 मध्ये हेच बदल प्रयोगशाळेत मुद्दाम करून पाहिले, तेव्हा जुने विकर खरोखरच नव्या कामाकडे वळले.

तीस वर्षे मी महाविद्यालयात विकरे शिकवली. दरवर्षी फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढली. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये दिलेली ही उपमा इतकी नेटकी आहे की ती टाळता येत नाही. प्रत्येक विकराला खोबण असते, तिच्यात ठरावीक द्रव्यच बसते, आणि बसले की त्याचे रूपांतर होते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, कुलूप एवढे पक्के असेल, तर नव्या किल्लीसाठी नवे कुलूप पहिल्यांदा येते कुठून? अर्धवट कुलपाने तर काहीच उघडणार नाही." मी तिला उत्क्रांती, उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड हे शब्द ऐकवले. तिच्या चेहऱ्यावरून कळत होते की तिला शब्द मिळाले, उत्तर मिळाले नाही. तिला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणजे हे पुस्तक.

प्रश्न किती अवघड आहे ते आधी नीट पाहू. विकरे हे काही किरकोळ मदतनीस नव्हेत. डीएनए आणि आरएनए यांचे घटक तयार होताना एका द्रव्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जाण्याची एक पायरी येते. ती आपोआप, नुसत्या पाण्यात होऊ दिली तर निम्मे द्रव्य बदलायला सुमारे 7.8 कोटी वर्षे लागतील, असे 1995 मध्ये मोजले गेले. आपल्या पेशीत तेच काम विकरामुळे सेकंदाच्या एका लहानशा अंशात उरकते. ही ताकद येते अमिनो आम्लांची माळ एका विशिष्ट घडीत दुमडल्यामुळे. आता अमिनो आम्ले वीस प्रकारची. शंभर मण्यांची माळ ओवायची म्हटली तरी शक्यता होतात 1 वर 130 शून्ये इतक्या. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्याही यापुढे नगण्य ठरते. एवढ्या रानात चाचपडत एखादे कामाचे विकर सापडणे अशक्यच. म्हणजे शोध कोऱ्या जागेपासून सुरू होत नसावा.

1976 मध्ये रॉय जेन्सन यांनी एका लेखात या कोड्याची गाठ सोडवणारा धागा दिला. त्यांचे म्हणणे असे की आपण कुलपाच्या पक्केपणाला भुललो आहोत. बहुतेक विकरे आपल्या मुख्य कामाशिवाय आणखी काही कामे थोडीथोडी करतात. त्यांच्या खोबणीत मूळ द्रव्यासारखे दिसणारे दुसरे एखादे द्रव्य अधूनमधून शिरते आणि बदलून बाहेर पडते. वेग हजारपट, कधी लाखपट कमी असतो. पेशीच्या रोजच्या हिशेबात या कामाला किंमत नसते. पण ते शून्य नसते, आणि सगळे काही या फरकावर उभे आहे. शून्याला निवड वाढवू शकत नाही. थोडेसे असेल तर ते वाढवता येते.

या गुणाला मी पुस्तकभर 'वरकस काम' म्हटले आहे. कोकणात डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. भात पिकते खाचरात. वरकस जमिनीवर नाचणी, वरी असे काहीबाही निघते, आणि खाचर दगा देते त्या वर्षी घर त्यावरच तगते. विकरांचे वरकस काम नेमके तसे आहे. परिस्थिती स्थिर असते तोवर त्याकडे कोणी बघत नाही. नवे अन्न, नवे विष, नवा शत्रू समोर आला की तेच भांडवल ठरते.

मग पुढची अडचण. जुने काम करणाऱ्या विकराला नव्या कामात तरबेज करायला जावे तर जुने बिघडते. दोन्ही हवी असतील तर काय करायचे? सुसुमू ओनो यांनी 1970 मध्ये आपल्या पुस्तकात उत्तर मांडले की जनुकाची जादा प्रत होते. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी मोकळी राहते आणि बदलत जाते. कल्पना सुरेख होती, पण तिच्यात एक खोट होती. मोकळ्या प्रतीवर कोणाचीच नजर नसेल तर उत्परिवर्तने तिला सुधारण्याऐवजी बहुधा मोडूनच टाकतील. उपयोगाचा बदल येईपर्यंत ती टिकणार कशी?

या प्रश्नाचे एक देखणे उत्तर 2012 मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतील संशोधकांच्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी साल्मोनेला जीवाणूतले हिस्टिडीन बनवणारे एक विकर घेतले. त्यात असा बदल होता की ते आपले काम तर करीच, शिवाय ट्रिप्टोफॅन बनवण्याच्या मार्गातली एक पायरीही कशीबशी पार पाडी. त्या पायरीचे मूळ विकर जीवाणूतून काढून टाकले, आणि हिस्टिडीन किंवा ट्रिप्टोफॅन यांपैकी काहीही न देता त्याला वाढवत ठेवले. दोन्ही कामे एकाच दुबळ्या विकराच्या गळ्यात पडली. आधी घडले ते असे की जीवाणूंनी त्या जनुकाच्या प्रती वाढवल्या. एक मजूर कमी काम करतो तर त्याच्यासारखे दहा लावा, असा तो सरळ उपाय. त्यामुळे प्रत्येक प्रत पहिल्या दिवसापासून उपयोगाची होती, आणि उपयोगाची म्हणूनच टिकली. पुढे या प्रतींमध्ये निरनिराळे बदल साठत गेले. 3,000 पिढ्यांच्या आत काही वंशांत एक प्रत हिस्टिडीनच्या कामात निष्णात झालेली दिसली, दुसरी ट्रिप्टोफॅनच्या. काहींत दोन्ही कामे बऱ्यापैकी करणारे विकर तयार झाले. नवे काम आधी आले, प्रती नंतर, नैपुण्य शेवटी. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या क्रमात आहे. अर्धवट कुलूपही थोडेसे उघडते, आणि गरजेच्या वेळी थोडेसे पुरते.

वाट मात्र कुठूनही कुठेही जात नाही. पेनिसिलीन फोडणारे टेम-1 हे विकर जगभरच्या रुग्णालयांतल्या जीवाणूंमध्ये आढळते. सेफोटॅक्झिम हे नंतरचे प्रतिजैविक त्याला फारसे फोडता येत नाही. पाच उत्परिवर्तने एकत्र आली तर मात्र जीवाणूची या औषधाविरुद्धची प्रतिकारशक्ती सुमारे एक लाख पटीने वाढते. पाच बदल एकामागून एक येण्याचे 120 क्रम होतात. डॅनियल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हे सगळे टप्पे तपासले, तेव्हा प्रत्येक पायरीवर फायदाच होत जाईल असे क्रम निघाले फक्त 18. बाकीच्या 102 वाटांवर कुठेतरी अडते. कारण बदल एकटे नसतात. एक बदल नवे काम देतो, पण प्रथिनाची घडी सैल करतो. दुसरा बदल एकटा असताना कुचकामी वाटतो, पण सैल पडलेली घडी तोच सावरून धरतो. आधी कोण आणि मागून कोण, यावर सगळे ठरते. आपण जेव्हा प्रतिजैविके गरज नसताना आणि हव्या त्या मात्रेत वापरतो, तेव्हा या अठरा वाटांवर पायऱ्या बांधून देत असतो. हे प्रकरण लिहिताना माझ्या मनात अभ्यासक्रम नव्हता, घरातली औषधांची पेटी होती.

एकटे विकर क्वचितच पुरते. पेशीत कामे साखळीने चालतात. एकाचे उत्पादन हा दुसऱ्याचा कच्चा माल, त्याचे तिसऱ्याचा. याला आपण चयापचयाचा मार्ग म्हणतो. दहा पायऱ्यांच्या मार्गात नवव्या पायरीपर्यंत हाती काहीच लागत नसेल तर तो उभा राहिला कसा? नॉर्मन होरोवित्झ यांनी 1945 मध्ये सुचवले की मार्ग शेवटाकडून सुरुवातीकडे बांधला गेला. आदिम पाण्यात तयार मिळणारे द्रव्य संपू लागले, तेव्हा त्याच्या अलीकडच्या द्रव्यापासून ते बनवणारा जीव टिकला. मग तेही संपू लागले, की आणखी एक पायरी मागे. हिस्टिडीनच्या मार्गात लागोपाठच्या दोन पायऱ्यांवरची विकरे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, तिथे ही कल्पना पटते. पण बहुतेक मार्ग उलगडून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. शेजारी शेजारी काम करणारी विकरे निरनिराळ्या घराण्यांतली असतात, आणि एकाच घराण्यातली विकरे दहा मार्गांत पांगलेली असतात. आपल्याकडची गोधडी जशी आजीचे लुगडे, बाबांचा सदरा, पोराचे झबले यांचे तुकडे जोडून होते, तसा मार्ग होतो. मिळेल तिथून विकर उचलायचे आणि जमेल तसे जोडायचे.

ही गोधडी शिवली जाताना आपण प्रत्यक्ष पाहू शकतो, कारण विसाव्या शतकात माणसाने निसर्गाला पूर्वी ठाऊक नसलेली कितीतरी द्रव्ये जमिनीत ओतली. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफिनॉल हे विषारी द्रव्य 1930च्या दशकापासून वापरात आले. आज मातीत असा जीवाणू आहे जो ते खाऊन जगतो. शेली कॉपली यांनी त्याचा मार्ग तपासला, तेव्हा निरनिराळ्या जुन्या मार्गांतली विकरे एकत्र आणलेली दिसली. मार्ग अजून रखडतो. काही विकरे संथ आहेत, आणि मध्येच तयार होणारे एक द्रव्य खुद्द जीवाणूलाच घातक आहे. टाका कच्चा आहे, शिवण चालू आहे.

दुसरे उदाहरण मातीच्या अधिक जवळचे. पॅराथिऑन आणि त्याच्या गटातली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके 1940च्या दशकापासून शेतात आली. आपल्या कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला माहीत असलेले मोनोक्रोटोफॉस याच गटातले. 1973 मध्ये एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह फिलिपिन्समधल्या भातखाचराच्या पाण्यातून अशी कीटकनाशके मोडणारा एक जीवाणू वेगळा केला. त्यातले विकर इतके वेगवान आहे की विषाचा रेणू पाण्यातून वाहत येऊन त्याच्यावर आदळायला जो वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ तो मोडायला लागतो. काही दशकांत एवढे नैपुण्य आले कुठून? या विकराचे नातलग लॅक्टोन नावाची नैसर्गिक द्रव्ये फोडतात, आणि त्यातल्या काहींच्या अंगी कीटकनाशक फोडण्याचे क्षीण वरकस काम आधीपासूनच आहे. शिवाय हे जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते. भातखाचरात एकाने शिकलेले दुसऱ्याला शिकावे लागत नाही.

कधी विकर बदलतही नाही, नुसती जागा बदलते. बदकाच्या डोळ्यातल्या भिंगात भरलेले एक प्रथिन म्हणजे आपल्या स्नायूंतही असणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हेच विकर, हे 1987 मध्ये कळले. तिथे ते पारदर्शक राहून प्रकाश वाकवते. कधी एकच जुने विकर दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे सारख्याच नव्या कामाला लागते. लायसोझाइम हे अश्रूंत आणि लाळेत जीवाणू फोडणारे विकर. 1922 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते शोधले. गाय आणि आपले वानर दोघेही पाला खातात, पोटाच्या पुढच्या कप्प्यात तो जीवाणूंकडून आंबवून घेतात आणि मग त्या जीवाणूंनाच पचवतात. यासाठी दोघांच्या जठरात लायसोझाइम आले, आणि आम्लात टिकण्यासाठी त्याच्यात काही नेमक्या जागी सारखेच बदल झाले. देवळाच्या शिखरावर बसलेले वानर आणि खाली उभी असलेली गाय यांचे नाते फार दूरचे, पण त्यांच्या पोटातला हा कारागीर एकाच शाळेत शिकल्यासारखा आहे. याच लायसोझाइमच्या जनुकाची फार जुनी दुसरी प्रत सस्तन प्राण्यांच्या दुधात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन होऊन बसली. ती आता जीवाणू फोडत नाही. ती दुसऱ्या एका विकराचा हात धरून त्याच्याकडून दुधातली साखर बनवून घेते. दुधाची गोडी अशी एका शस्त्राच्या वंशातून आली आहे.

निसर्गाची ही रीत माणसानेही आता उचलली आहे. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी 1990च्या दशकात विकराची रचना समजून घेऊन ते नव्याने आखण्याचा हट्ट सोडला. जनुकात यादृच्छिक बदल करायचे, हजारो नमुन्यांतून थोडे बरे काम करणारे निवडायचे, आणि तेच पुन्हा करायचे. सेंद्रिय द्रावकात निकामी होणारे एक विकर त्यांनी अशा फेऱ्यांतून तिथे तग धरणारे केले. पुढे सजीवांच्या रसायनशास्त्रात कधी न आढळलेला कार्बन आणि सिलिकॉनचा बंध त्यांच्या गटाने एका जीवाणूच्या प्रथिनाकडून घडवून घेतला, आणि त्याचीही सुरुवात त्या प्रथिनाच्या वरकस कामापासूनच झाली होती. 2018 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा मला वाटले की हा गौरव थोडा त्या नगण्य समजल्या गेलेल्या कामाचाही आहे.

या साऱ्यातून मला जे सांगायचे आहे ते एवढेच. आपण परिपूर्णतेला भुलतो, पण जीवसृष्टीचे भविष्य परिपूर्णतेत साठवलेले नाही. ते तिच्या कडेला राहून गेलेल्या किंचित ढिलाईत साठवलेले आहे. पूर्ण पक्के कुलूप आज उत्तम आणि उद्या निरुपयोगी. ज्याला थोडी परकी किल्ली चालते तेच उद्याचे कुलूप होऊ शकते.

थोडे भाषेविषयी. शालेय पुस्तकांतला 'विकर' हा शब्द मी ठेवला आहे, कारण मुलांच्या तोंडी तो रुळला आहे. 'एन्झाइम' म्हटले तरी बिघडत नाही. जनुक, प्रथिन, चयापचय हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला परके नाहीत. जिथे मराठी शब्द मलाच अडखळायला लावत होता, तिथे तो न वापरता वस्तूचे काम सांगितले आहे. प्रकरणे क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही, मात्र जनुकांच्या प्रतींचे प्रकरण आधी वाचले तर पुढची सोपी जातील. शिक्षकांना एक विनंती आहे. कुलूप-किल्ली जरूर काढा, पण त्याच तासाला ती कुठे तोकडी पडते तेही सांगा. मागच्या बाकावरचा प्रश्न तिथूनच येतो.

आणि पुस्तक उघडण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहा. दोन वाट्यांत थोडी थोडी मोहरी कुटून घ्या. एकीत गार पाणी घाला, दुसरीत उकळते. दहा मिनिटांनी दोन्ही नाकाशी न्या. गार पाण्याची वाटी डोळ्यांत पाणी आणेल. उकळत्या पाण्याची मुकी राहील, कारण उष्णतेने विकराची घडी उसवलेली असेल. फोडणीत तडतडलेली मोहरी नाकात का चढत नाही, तेही इथे कळेल. आजीला हे नावानिशी ठाऊक नव्हते, पण मोहरी फेसताना तिने कधी गरम पाणी वापरले नाही.